प्राचीन इजिप्तमधील अंत्यविधीचे ताईत : ‘हृदय-भुंगेरा’ आणि मरणोत्तर न्यायाचा प्रश्न

बीजशब्द : ताईत, ममी, मृतांचा ग्रंथ, हृदय-भुंगेरा, मआत, ओसिरिस

प्रास्ताविक

प्राचीन इजिप्तचा विषय निघाला की पिरॅमिड, ममी आणि तुतानखामेनचा सुवर्णमुखवटा यांची चर्चा होते. ममीला गुंडाळलेल्या कापडी पट्ट्यांच्या थराथरांतून ठेवलेल्या लहानलहान वस्तूंकडे मात्र दागिने म्हणूनच पाहिले जाते. त्या दागिने नव्हत्या. तुतानखामेनची कबर हॉवर्ड कार्टर यांना 1922 साली सापडली आणि 1925 च्या नोव्हेंबरमध्ये डॉ. डग्लस डेरी व डॉ. सालेह बे हमदी यांनी ममीची तपासणी केली, तेव्हा पट्ट्यांमधून 143 वस्तू निघाल्या. त्यांतील कित्येक वस्तू सोन्याच्या पातळ पत्र्याच्या होत्या. जिवंत माणसाच्या अंगावर त्या टिकल्या नसत्या. त्या केवळ मृतासाठी, आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडू नयेत अशाच बेताने ठेवलेल्या होत्या.

अशा वस्तूंचे कार्य कोणते समजले जात होते, हा या लेखाचा पहिला प्रश्न होय. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. इजिप्तच्या धर्मविचारात मृताचा न्याय होतो, त्याचे हृदय तराजूत घातले जाते. मग त्याच हृदयाला गप्प करणारा ताईत छातीवर ठेवणे म्हणजे न्यायाला बगल देणे नव्हे काय? ‘हृदय-भुंगेरा’ या एका ताइताच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

संज्ञा आणि घटक

मराठीतील ‘ताईत’ हा शब्द जिवंत माणसाच्या गळ्याशी वा दंडाशी बांधलेला आहे. ‘गळ्यातील ताईत’ हा वाक्प्रचारही तेच सांगतो. इजिप्तमध्येही जिवंत माणसे, विशेषतः मुले आणि गर्भवती स्त्रिया, ताईत घालीत, इ.स.पू. पाचव्या सहस्रकातील बदारी संस्कृतीच्या दफनांतही ते मिळाले आहेत. परंतु अंत्यविधीचे ताईत हा त्यातील स्वतंत्र वर्ग आहे. ते मृताच्या देहावर ठराविक जागी, ठराविक मंत्रासह ठेवले जात. त्यांच्यासाठी ‘मेकेत’ व ‘सा’ हे रक्षणवाचक शब्द होते. तसाच ‘वेजा’ हाही शब्द होता आणि त्याचा मूळ अर्थ ‘अखंड, सुस्थितीत असलेले’ असा आहे. रक्षण म्हणजे संकटाचे निवारण एवढेच नव्हे, तर अखंडपण राखणे, ही कल्पना या शब्दातच आहे.

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1914 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ताइतांचे 275 प्रकार नोंदवून त्यांची पाच वर्गांत मांडणी केली. ही मांडणी नोंदीच्या सोयीची असली तरी ताईत ‘काम’ कसे करतो हे तिच्यावरून नीटसे उमगत नाही. त्यासाठी इजिप्शियनांचे स्वतःचे मंत्र वाचावे लागतात. हे मंत्र ‘मृतांचा ग्रंथ’ या आधुनिक नावाने ओळखले जातात. मूळ नावाचा अर्थ ‘दिवसा बाहेर पडण्याचे मंत्र’ असा आहे. जर्मन विद्वान लेप्सियस यांनी 1842 साली तूरिन येथील एका पपायरसवरून त्यांना क्रमांक दिले आणि ते क्रमांकच आजही वापरात आहेत.

या मंत्रांपुढे जोडलेल्या सूचना अतिशय नेमक्या आहेत. 155 वा मंत्र ‘झेद’ नावाच्या स्तंभाकार ताइताचा आहे. हा स्तंभ ओसिरिस देवाचा पाठीचा कणा मानला जाई. तो सोन्याचा असावा, सायकमोर या उंबराच्या कुळातील झाडाच्या सालीच्या धाग्यात ओवलेला असावा आणि दफनाच्या दिवशी मृताच्या गळ्याशी ठेवावा, असे तेथे सांगितले आहे. 156 वा मंत्र ‘तित’ म्हणजे इसिस देवीच्या गाठीचा आहे आणि तो ताईत तांबड्या जॅस्परचा हवा. कारण त्या मंत्रात इसिसच्या रक्ताचा उल्लेख आहे. रूप, द्रव्य आणि शब्द हे तिन्ही जुळले म्हणजे ताईत सिद्ध होतो.

द्रव्याला एवढे महत्त्व असण्याचे कारण रंगाच्या अर्थात आहे. हिरव्या रंगाचा ‘वाज’ हा शब्द टवटवीत असणे, वाढणे या अर्थाचाही आहे. म्हणून हिरवा दगड हा उगवणाऱ्या पिकासारखे पुन्हा जिवंत होण्याचे आश्वासन ठरतो. सोने न गंजणारे असल्यामुळे ते देवांचे मांस मानले गेले. निळा लाजवर्द थेट आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई, आणि तो सर्वांना परवडणारा नव्हता. येथे फायन्स हे द्रव्य पुढे येते. गारगोटीची पूड, थोडा चुना व क्षार यांचे मिश्रण साच्यात दाबून भाजले, की तांब्याच्या संयुगामुळे वर निळी-हिरवी झिलई चढते. इजिप्शियन भाषेत त्याचे नाव ‘चेहेनेत’, म्हणजे झळझळणारे. ते स्वस्त पर्यायी द्रव्य होते हे खरे. पण झळाळी हाच पुनर्जीवनाचा गुण मानल्यामुळे ते कमी प्रतीचे समजले जात नव्हते. गरिबाच्या दफनातील फायन्सचा ताईत हा ‘नकली’ ताईत, असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरेल.

देहाची अखंडता

इजिप्शियन कल्पनेतील पुनर्जीवनाचा भारतीय पुनर्जन्माशी संबंध नाही. आत्मा दुसऱ्या देहात जात नाही. मृताचा ‘बा’ हा पक्षिरूप घटक दिवसा बाहेर हिंडतो आणि रात्री आपल्याच ममीकडे परततो. देह नासला किंवा त्याचा अवयव हरवला तर परतण्याची जागाच उरत नाही. ममी करण्याचा सारा खटाटोप, म्हणजे सत्तर दिवसांचा विधी, नेट्रॉन क्षारात देह सुकविणे, आतडी-यकृत-फुफ्फुसे-जठर काढून वेगळी जपणे, या एका भीतीतून समजावून घ्यावा लागतो. विरोधाभास असा की देह टिकविण्यासाठीच तो कापावा लागे. डाव्या कुशीला घेतलेल्या त्या छेदावर पुष्कळदा एक पत्रा ठेवीत आणि त्यावर ‘वेजात’ म्हणजे होरसचा डोळा कोरीत. सेथने इजा केलेला तो डोळा थोथ देवाने पूर्ववत केला, अशी कथा आहे. ‘वेजात’ या नावाचा अर्थच ‘अखंड झालेली’. जखमेवर त्याच चिन्हाची योजना का झाली, हे यावरून कळते.

शिरोधानाचा ताईतही याच विचाराचा आहे. इजिप्शियन लोक झोपताना मान टेकविण्यासाठी जो उंच आधार वापरीत त्याची ही छोटी प्रतिकृती. 166 व्या मंत्रानुसार ती मृताचे शिर त्याच्यापासून हिरावले जाऊ नये म्हणून असते. तुतानखामेनच्या मस्तकाखालचे शिरोधान लोखंडाचे होते. त्या काळी इजिप्तमध्ये लोखंड सोन्याहून दुर्मीळ होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

येथवरचे ताईत बाहेरच्या धोक्याशी लढतात : कुजणे, साप, अंधार, शिरच्छेद. हृदयाचा ताईत या रांगेत बसत नाही.

हृदय : साक्षीदार

ममी करताना मेंदू बहुधा नाकावाटे काढून टाकीत. त्याला महत्त्व नव्हते. विचार, स्मृती, इच्छा आणि सदसद्विवेक या सर्वांचे स्थान हृदय होते. त्यासाठी ‘इब’ आणि ‘हाती’ असे दोन शब्द भाषेत होते. म्हणून हृदय देहातच ठेवण्याचा प्रघात होता. सीटी तपासणीत ते प्रत्येक ममीत आढळतेच असे मात्र नाही.

मृत व्यक्ती ओसिरिसच्या न्यायसभेत येते तेव्हा तराजूच्या एका पारड्यात हे हृदय आणि दुसऱ्यात मआतचे पीस असते. मआत म्हणजे सत्य, न्याय, आणि विश्वाची सुव्यवस्थाही. संस्कृतातील ‘ऋत’ या संकल्पनेची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. सभेत 42 देव बसलेले असतात आणि मृत व्यक्ती त्यांच्यापुढे आपण कोणकोणती पापे केली नाहीत हे सांगते. हा 125 वा मंत्र होय. तराजूजवळ अम्मित ही मगरीच्या तोंडाची, सिंहाच्या पुढच्या धडाची आणि पाणघोड्याच्या मागच्या अंगाची राक्षसी टपलेली असते. हृदय दोषी ठरले तर ती ते गिळते आणि मृताचे अस्तित्वच संपते. नरकयातनेपेक्षाही ही शिक्षा भयंकर मानली पाहिजे, कारण तिच्यापुढे काहीही नाही.

तेव्हा खरा धोका 42 देवांकडून नाही आणि अम्मितकडूनही नाही. आयुष्यभर सगळे पाहिलेले, सगळे आठवणारे हृदय भर सभेत उभे राहून काय बोलेल, याची ही भीती आहे. आपल्याविरुद्धचा साक्षीदार आपल्याच छातीत आहे.

या भीतीवरचा उपाय म्हणजे हृदय-भुंगेरा. शेणाचा गोळा ढकलत नेणारा हा भुंगेरा इजिप्तमध्ये सकाळच्या सूर्याचे रूप मानला जाई. त्याच्या चित्राने लिहिला जाणारा ‘खेपेर’ हा धातू ‘होणे, रूप घेणे’ या अर्थाचा आहे आणि खेप्री हा उगवत्या सूर्याचा देव. जिवंत लोक वापरीत ते भुंगेरे लहान असून मुद्रेसारखेही वापरले जात. हृदय-भुंगेरा त्यांच्याहून बराच मोठा असतो आणि त्याच्या सपाट पोटावर 30-ब क्रमांकाचा मंत्र कोरलेला असतो. मंत्राच्या सूचनेप्रमाणे तो ‘नेमेहेफ’ नावाच्या हिरव्या दगडाचा, मौल्यवान धातूत जडवलेला हवा. प्रत्यक्षात हिरवट शिस्ट, सर्पेंटाइन, जॅस्पर आणि फायन्सचे भुंगेरेही सापडतात. हा मंत्र चौथ्या राजवंशातील मेनकाउरे राजाच्या काळी राजपुत्र होरदेदेफ याला हर्मोपोलिस येथे थोथच्या मूर्तीच्या पायाशी सापडला, असा दावा काही प्रतींत केलेला आहे. तो ऐतिहासिक मानण्याचे कारण नाही. मंत्राला प्राचीनतेचे वजन देण्याची ही परिचित रीत आहे.

ब्रेस्टेड यांचा आक्षेप

अमेरिकन इजिप्तविद्यातज्ज्ञ जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी 1912 साली प्रसिद्ध झालेल्या इजिप्शियन धर्म व विचार यांवरील ग्रंथात या ताइताविषयी कठोर मत मांडले. मरणोत्तर न्यायाची कल्पना ही मानवाच्या नैतिक जाणिवेतील मोठी झेप होती. पुरोहित आणि लेखनिक यांनी जादूची साधने विकून ती पोकळ केली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. सदसद्विवेकाचा आवाज दगडी भुंगेऱ्याने बंद करता येतो असे ठरले, तर सदाचाराची गरज उरत नाही. युरोपीय वाचकाला येथे मध्ययुगीन पापमुक्तिपत्रांची आठवण झाल्यास नवल नाही.

हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. त्याला वस्तूंचा पुरावा आहे. नावाची जागा कोरी ठेवून आधीच तयार केलेले पपायरस आणि हृदय-भुंगेरे सापडले आहेत. गिऱ्हाईक आले की नाव भरायचे. काहींवर ते नाव कधी भरलेच गेले नाही. ज्याची साक्ष थांबवायची त्याचे नावच नाही, असा हा ताईत. कारागिरी, व्यापार आणि श्रद्धा यांची गाठ इतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

तरीही ब्रेस्टेड यांचा निष्कर्ष मंत्राच्या मजकुराशी पडताळून पाहिला असता अपुरा वाटतो. हा मंत्र ओसिरिसला उद्देशून नाही, 42 देवांना नाही, तराजू सांभाळणाऱ्यालाही नाही. तो हृदयालाच उद्देशून आहे. मातेकडून लाभलेले माझे हृदय अशा जिव्हाळ्याच्या संबोधनाने मृत व्यक्ती त्याला विनविते : साक्षीदार म्हणून उठू नकोस, सभेत मला विरोध करू नकोस. लाच द्यायची असती तर ती न्यायाधीशाला दिली गेली असती. देवांना प्रसन्न करणारे अर्पण तर इजिप्तला परिचितच होते.

याहून महत्त्वाचे असे की मंत्राच्या शेवटी हृदयाला देवासमोर आपल्याविषयी खोटे न सांगण्याची विनंती आहे. म्हणजे भीती केवळ खऱ्या साक्षीची नाही, खोट्या साक्षीचीही आहे. इजिप्शियन विचारात उच्चारलेला शब्द घटनेला रूप देतो. घाबरलेल्या हृदयाने भर सभेत काही भलतेच उच्चारले, तर त्या उच्चारानेच दोष सिद्ध होईल. सज्जन माणसालाही हे भय असू शकते, किंबहुना त्यालाच अधिक असेल. ब्रिटिश म्युझियममधील आनी या लेखनिकाच्या पपायरसमध्ये (सुमारे इ.स.पू. 1250) हा मंत्र तराजूच्या दृश्यातच लिहिलेला आहे. मंत्र आहे म्हणून तराजू हटविलेला नाही. हृदय पारड्यात आहे, अनुबिस काटा पाहतो आहे, थोथ निकाल नोंदवितो आहे. ताईत न्याय टाळत नाही, असे त्या चित्रकाराला तरी वाटत होते.

आणखी एक गोष्ट ब्रेस्टेड यांच्या मताला छेद देते. ‘मेरिकारे राजास उपदेश’ या मध्य राज्याच्या काळातील नीतिपर रचनेत, मरणानंतर माणसाची कृत्ये त्याच्या शेजारी ढीग करून मांडली जातात असे सांगितले आहे. दुर्जनाने वाहिलेल्या बैलापेक्षा सज्जनाचे शील देवाला अधिक मान्य होते, असाही तिचा आशय आहे. या रचनेच्या आज उपलब्ध असलेल्या प्रती अठराव्या राजवंशाच्या काळातील आहेत, म्हणजे हृदय-भुंगेरे ज्या काळात सर्रास वापरले जात होते त्याच काळात ती रचना नकलून वाचली जात होती. शील आणि ताईत हे एकमेकांचे पर्याय आहेत असे मानले, तर हा सहवास उलगडत नाही. इजिप्शियन माणसाला दोन्ही हवे होते, जसा आजारी माणसाला वैद्यही हवा असतो आणि नवसही.

कबरफोडे आणि कथाकार

ताइतांवर श्रद्धा ठेवणारा समाज एकजात भोळा नव्हता, याचा पुरावा चोरांनी दिला आहे. नवव्या रामेसेसच्या सोळाव्या वर्षी, सुमारे इ.स.पू. 1110 मध्ये, थीब्ज येथील कबरफोडीची चौकशी झाली. लिओपोल्ड-अँहर्स्ट पपायरसमध्ये अमेनपनेफर नावाच्या पाथरवटाचा कबुलीजबाब आहे. त्याच्या टोळीने सतराव्या राजवंशातील सोबेकएमसाफ राजाची कबर फोडली. राजाच्या गळ्याशी सोन्याचे पुष्कळ ताईत व अलंकार होते. ते सर्व काढून घेऊन शवपेट्यांना आग लावण्यात आली. आठ जणांना प्रत्येकी 20, म्हणजे एकूण 160 देबेन सोने मिळाले; आजच्या मापाने हे साडेचौदा किलोच्या आसपास भरते. जो ताईत देह अखंड राखण्यासाठी होता, त्याच्या लोभाने देहच जळाला. ही माणसे कबरींच्याच परिसरात काम करणारी होती. मंत्र आणि शाप त्यांना परके नव्हते.

सोबेकएमसाफ या नावाच्या राजाचा हिरव्या जॅस्परचा, सोन्यात बसविलेला हृदय-भुंगेरा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याला माणसाचा चेहरा आहे आणि हृदय-भुंगेऱ्यांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. या नावाचे दोन राजे होऊन गेल्यामुळे तो नेमका कोणाचा याविषयी मतभेद आहेत.

चोरी, शंका आणि काळ यांतूनही ही प्रथा टिकली. एडफूजवळच्या नाग अल-हसाया येथील दफनभूमीत 1916 साली सापडलेली एका किशोरवयीन मुलाची ममी कैरो येथे न उघडता ठेवली होती. सहर सलीम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटी तपासणीने तिचे अंतरंग पाहिले आणि 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. टॉलेमी राजवटीतील या मुलाच्या अंगावर आणि अंगात 21 प्रकारचे 49 ताईत तीन रांगांत मांडलेले होते. तोंडात सोन्याची जीभ होती. ती परलोकात बोलता यावे म्हणून. छातीच्या पोकळीत सोन्याचा हृदय-भुंगेरा होता. एकाला वाचा द्यावी आणि दुसऱ्याला मौन, अशी ही योजना : जिभेने बोलावे, हृदयाने बोलू नये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हृदयाला लपविण्याजोगे असे काय असणार, हा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर बहुधा मुलाच्या पापात नसून त्याला निरोप देणाऱ्यांच्या काळजीत आहे.

रोमन काळातील एका डेमोटिक पपायरसवर सेत्ने खाएमवास आणि त्याचा मुलगा सी-ओसिरे यांची कथा लिहिलेली आहे. बाप-लेकाला दोन अंत्ययात्रा दिसतात. एका श्रीमंताला मोठ्या थाटाने नेत आहेत. एका गरिबाला चटईत गुंडाळून, मागे कोणीही नसताना नेत आहेत. आपल्यालाही श्रीमंतासारखा निरोप मिळावा, असे बापाच्या तोंडून निघते. मुलगा नेमके उलटे बोलतो आणि त्याला पाताळात घेऊन जातो. तेथे तलम वस्त्र नेसून ओसिरिसच्या निकट उभा असलेला पुरुष म्हणजे तो गरीब असतो. तराजूत त्याची सत्कृत्ये जड ठरली, म्हणून श्रीमंताच्या दफनाचा सगळा सरंजाम त्याला देण्यात आलेला असतो. श्रीमंत दारापाशी पडलेला असतो, आणि पाताळाच्या दाराचा खालचा खिळा त्याच्या उजव्या डोळ्यात रोवलेला असतो. दार उघडले-मिटले की तो त्यात फिरतो.